लिटलमोअरचा मठ : दप्तर आणि हाडे

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस लिटलमोअर म्हणून ठिकाण आहे. बाराव्या शतकात तेथे बेनेडिक्टिन पंथाच्या जोगिणींचा एक छोटा मठ स्थापन झाला. मठ कायम गरीबच राहिला आणि पुढे नाहीसाही झाला. मागे उरले मुख्यतः 'मिंचरी' हे स्थलनाम. जोगिणीला जुन्या इंग्रजीत जो शब्द होता, त्यातून ते आले आहे.

या मठाची अपकीर्ती झाली ती १५१७ साली. बिशपच्या वतीने तपासणी झाली, तेव्हा मठप्रमुख कॅथरीन वेल्स हिला एका धर्मगुरूपासून मुलगी झाली असल्याचे नोंदले गेले. मुलीच्या हुंड्यासाठी तिने मठातील भांडी, मेणबत्त्यांची घरे, चादरी, उशा आणि पिसांच्या गाद्या काढून दिल्या, असाही आरोप होता. यादी वाचताना आपल्याकडील रुखवतच डोळ्यांपुढे येते! पुढच्या वर्षीच्या तपासणीत मठप्रमुखाचीच उलट तक्रार आली. मुलांशी हसते-खेळते म्हणून तिने एका जोगिणीला खोड्यात अडकविले होते. इतर तिघींनी दार फोडून तिला सोडविले, खोडा जाळून टाकला, आणि खिडकी मोडून सगळ्या पळाल्या. दोन-तीन आठवडे त्या ओळखीच्यांकडे राहिल्या.

१५२५ साली कार्डिनल वुल्सी याने मठ बंद केला. त्याची मालमत्ता ऑक्सफर्डमध्ये वुल्सी बांधीत असलेल्या कार्डिनल कॉलेजकडे गेली. त्याच जागी १५४६ पासून क्राइस्ट चर्च कॉलेज आहे. ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याला कॉलेजे कशाच्या पैशावर उभी राहतात हा प्रश्न सुचणारच. वुल्सीला कॉलेजसाठी उत्पन्न हवे होते आणि असे लहान मठ त्याने इतरही बंद केले. म्हणून तपासणीच्या दप्तरातील सर्व खोटे, असे मी म्हणत नाही. परंतु चार शतकांच्या वास्तूची ओळख शेवटच्या काही वर्षांच्या तक्रारींवरून ठरावी, हे मला पटत नाही.

दुसरा पुरावा जमिनीत होता. फुटबॉलच्या एका मैदानाशेजारी हॉटेल बांधण्याचे ठरले, तेव्हा तेथे उत्खनन झाले आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. मठाचे चर्च आणि ९२ दफने सापडली. पैकी ३५ स्त्रियांची व २८ पुरुषांची, बाकीच्यांचे लिंग ठरविता आले नाही. बरीच माणसे पंचेचाळिशी ओलांडलेली होती. कुष्ठरोगाच्या खुणा असलेले एक मूलही चर्चच्या भूमीत पुरलेले होते, ही गोष्ट मला खोडा जाळण्याच्या हकिकतीपेक्षा मोलाची वाटते. त्या काळी या रोगाची धास्ती किती होती, हे सांगावयास नको.

चर्चच्या ऐन मध्यभागी, दगडी पेटीत एक स्त्री होती, बहुधा एखादी मठप्रमुख. दुसरी एक स्त्री मात्र पालथी पुरलेली आढळली. पालथे पुरणे हे पापाच्या प्रायश्चित्ताचे चिन्ह असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. कॅथरीन वेल्सला मठ बंद होताना पेन्शन मिळाली होती : ६ पौंड, १३ शिलिंग, ४ पेन्स.