आधी अंदाज, मग आज्ञा
वेब एपीआयद्वारे माहितीच्या कोठाराचा कारभार



गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले संगणकाच्या क्षेत्रात गेली. त्या क्षेत्रात आज ‘एपीआय’ हा शब्द पदोपदी कानी पडतो. हा एपीआय म्हणजे काय, त्याने दूरवरच्या माहितीच्या कोठाराचा कारभार कसा चालवतात आणि तो चालवताना कोणती सावधगिरी बाळगायची, हे या पाठात आपण पाहू. उदाहरणासाठी गूगलचे ‘बिगक्वेरी’ घेऊ. २०१० साली गूगलने ते जाहीर केले. प्रचंड मोठे तक्ते साठवणे आणि त्यांना प्रश्न विचारून उत्तरे मिळवणे, हे त्याचे काम. यंत्रे गूगलची, तक्ते आपले. यालाच क्लाउड म्हणतात.

विनंतीचे चार भाग

बिगक्वेरीचे काम पडद्यावरची बटणे दाबूनही करता येते. पण पन्नास तक्ते तयार करायचे असतील, किंवा रोज रात्री दोन वाजता एकच काम व्हायला हवे असेल, तर बटणे दाबायला कोण बसणार? तेथे आपला प्रोग्रॅम थेट त्या यंत्राशी बोलतो. बोलण्याची ठरलेली रीत म्हणजे एपीआय.

बँकेत पैसे काढण्याची स्लिप आठवा. खाते कोणते, काय करायचे, किती रक्कम आणि शेवटी सही. एपीआयच्या विनंतीतही असेच चार भाग असतात: पत्ता, क्रियापद, मजकूर आणि ओळख.

पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो. समजा, आपल्या ग्रंथालयाच्या नोंदी तेथे ठेवल्या, तर पत्ता असा होईल: प्रोजेक्ट ‘शाळा’, त्यातील डेटासेट ‘ग्रंथालय’, त्यातील टेबल ‘देवघेव’. डेटासेट म्हणजे कपाट, टेबल म्हणजे त्यातील वही. हे कपाट कोणत्या गावी ठेवायचे, तेही तयार करतानाच सांगावे लागते. भारतात मुंबई आणि दिल्ली ही दोन ठिकाणे आहेत. एकदा ठिकाण ठरले की त्या डेटासेटचे ठिकाण नंतर बदलता येत नाही. म्हणून ते आधीच विचार करून ठरवावे.

पाच क्रियापदे

व्याकरणात आपण आज्ञार्थ शिकलो. एपीआयमध्येही मोजकीच आज्ञार्थी क्रियापदे आहेत. ‘गेट’ म्हणजे दाखव. ‘पोस्ट’ म्हणजे नवे तयार कर किंवा काम सुरू कर. ‘पुट’ म्हणजे जुने काढून हे पूर्ण नवे ठेव. ‘पॅच’ म्हणजे सांगितले तेवढेच बदल. ‘डिलीट’ म्हणजे काढून टाक.

यांतील पुट आणि पॅच यांचा फरक नीट लक्षात घ्या. डेटासेटचे वर्णन बदलायचे आहे. पॅच वापरून फक्त नवे वर्णन पाठवले, तर बाकीच्या नोंदी जशाच्या तशा राहतात. तेच पुट वापरून पाठवले, तर त्या डेटासेटच्या सगळ्या नोंदींच्या जागी आपण पाठवलेलाच मजकूर धरला जातो. जे लिहायचे राहिले, ते जाऊ शकते. यंत्र आपल्या मनातला हेतू ओळखत नाही. लिहिलेले अक्षर पाळते.

डिलीटच्या बाबतीत मात्र बिगक्वेरीने थोडी काळजी घेतली आहे. डेटासेटमध्ये तक्ते असतील, तर ‘आतल्यासकट काढ’ असे स्पष्ट लिहिल्याशिवाय तो काढला जात नाही. चुकून काढलेला तक्ता साधारणपणे सात दिवसांच्या आत परत मिळवता येतो. पण मुदत संपली की संपली.

उत्तरातील आकडे

प्रत्येक विनंतीला एक आकडा उत्तर म्हणून येतो. २०० म्हणजे काम झाले. ४०० म्हणजे विनंतीच चुकीची लिहिली आहे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे बहुधा ओळख पटली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही. ४०९ म्हणजे हे नाव आधीच आहे. ५००च्या घरातील आकडे आले, तर अडचण पलीकडच्या यंत्रात आहे. अशा वेळी लगेच पुन्हापुन्हा न विचारता एक सेकंद, मग दोन, मग चार, असे थांबत विचारावे.

येथे एक प्रश्न येतो. आपण काम पाठवले आणि उत्तर येण्याआधीच इंटरनेट गेले. काम सुरू झाले की नाही? पुन्हा पाठवावे, तर एकच काम दोनदा होण्याची भीती. यावर उपाय असा: प्रत्येक कामाला आपणच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक घालून पुन्हा पाठवले आणि पहिले काम पोचलेले असेल, तर ४०९ येते. काम दुसऱ्यांदा होत नाही.

पैशाचा हिशेब

नेहमीच्या पद्धतीत बिगक्वेरी प्रश्नाचे पैसे वाचलेल्या माहितीवर आकारते. दरमहा पहिले १ टेराबाइट वाचन मोफत असते. हे कोठार तक्ता रकान्यांनुसार साठवते. म्हणून जेवढे रकाने मागाल, तेवढेच वाचले जातात. ‘फक्त पहिल्या दहा ओळी दाखव’ असे म्हटल्याने साध्या तक्त्यावर खर्च कमी होत नाही, कारण मागितलेले रकाने पूर्ण वाचलेच जातात.

आता गणित करू. तक्ता ४० गिगाबाइटचा आहे आणि त्यात सतत भर पडते. प्रोग्रॅम दर तासाला सगळे रकाने मागतो. ४० × २४ × ३० = २८,८०० गिगाबाइट, म्हणजे महिन्याला २८ टेराबाइटहून जास्त. कामाचे दोनच रकाने ३ गिगाबाइटचे असतील आणि तेवढेच मागितले, तर २,१६० गिगाबाइट. आणि उत्तर दिवसातून एकदाच लागत असेल, तर अवघे ९० गिगाबाइट. हे तर मोफत मर्यादेतच बसले! प्रश्न तोच, पण विचारण्याच्या रीतीने बिल येते किंवा येत नाही. प्रोग्रॅम रात्रंदिवस न थकता चालतो, म्हणून त्याची चूकही रात्रंदिवस चालते.

यासाठी एपीआयमध्ये दोन सोयी आहेत. पहिली ‘ड्राय रन’. विनंतीत ही खूण केली, की यंत्र प्रश्न चालवत नाही. किती बाइट वाचावे लागतील एवढेच सांगते, आणि तेही फुकट. दुसरी सोय म्हणजे बाइटची कमाल मर्यादा. अंदाज त्या मर्यादेबाहेर गेला, तर प्रश्न चालतच नाही आणि पैसेही लागत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

किल्ली जपा

ओळख पटवण्यासाठी प्रोग्रॅमला एक टोकन मिळते. ते साधारण तासाभराने निकामी होते. पण टोकन मिळवण्यासाठी काही जण किल्लीची फाइल वापरतात, आणि ती आपण रद्द करेपर्यंत चालू राहू शकते. ती प्रोग्रॅममध्ये लिहू नये, मित्राला पाठवू नये, सर्वांना दिसेल अशा जागी ठेवू नये. ज्याच्या हाती ती किल्ली, त्याच्या हाती आपले कोठार आणि बिल आपल्या नावावर. शिवाय ज्या प्रोग्रॅमला फक्त वाचायचे आहे, त्याला वाचण्याचीच परवानगी द्यावी. डिलीटचा अधिकारच नसेल, तर डिलीटची चूकही होणार नाही.

सराव कोठे करावा?

बिगक्वेरीचा ‘सँडबॉक्स’ क्रेडिट कार्डाशिवाय वापरता येतो. त्यात १० गिगाबाइट साठवण आणि दरमहा १ टेराबाइट वाचन मिळते. तक्ते ६० दिवसांनी आपोआप जातात. मर्यादा संपली, की प्रश्न थांबतात, बिल येत नाही. घरातील मोठ्यांना विचारून, त्यांच्या समक्ष खाते उघडावे. सरावासाठी शेक्सपिअरच्या नाटकांतील शब्दांचा तयार तक्ता सर्वांना खुला आहे. त्यात १ लाख ६४ हजारांहून अधिक ओळी आहेत.

स्वाध्याय

१. डेटासेटचे फक्त वर्णन बदलण्यासाठी कोणते क्रियापद वापराल? का?
२. ४०१ आणि ४०३ यांत फरक काय?
३. ६० गिगाबाइटचा तक्ता दिवसातून दोनदा पूर्ण वाचला, तर ३० दिवसांत किती वाचन होईल? ते मोफत मर्यादेत बसेल का?
४. शेक्सपिअरच्या तक्त्यावर आधी एका रकान्याचा, मग सर्व रकान्यांचा ड्राय रन करा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

चौथ्या प्रश्नाचे आकडे घेऊन या. पुढच्या पाठाच्या आधी ते वर्गात ताडून पाहू.