गल्ला भरला म्हणून बंद पडलेले यंत्र
नाण्यावरच्या व्हिडीओ गेमच्या धंद्यातून व्यापारी व कारागिरांनी घ्यायचे धडे

व्यापारी व कारागीर बंधूंनो, 'व्हिडीओ गेम' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांचा वेळ आणि बापाचा पैसा खाणारे खेळणे, एवढीच त्याची ओळख. ही तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु या खेळण्यामागे एक धंदा आहे, आणि १९७२ ते १९८५ या तेरा वर्षांत त्या धंद्याने जी तेजी आणि जी मंदी पाहिली, ती कापडाच्या, भांड्यांच्या किंवा फर्निचरच्या व्यापाऱ्यानेही नीट समजून घ्यावी अशी आहे. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

सोपा माल आधी विकला जातो

१९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचा नाण्यावर चालणारा खेळ तयार केला. यंत्र उत्तम होते, पण ते खेळायचे कसे हे समजण्यासाठी सूचना वाचत बसावे लागे. खेळ फारसा चालला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी 'अटारी' ही कंपनी काढली आणि ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याकडून 'पाँग' बनवून घेतला. दोन फळ्या आणि एक चेंडू, बस्स! कोणालाही पाहताक्षणी कळेल असा खेळ.

कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका गुत्त्यात हे यंत्र चाचणीसाठी ठेवले. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, यंत्र उघडले, तर बिघाड कसलाच नव्हता. आतला नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता आणि नवे नाणे आत जायलाच जागा नव्हती! बनवणारे तेच, कसब तेच, पण गिऱ्हाइकाला समजायला सोपा झाला तेव्हा माल उचलला गेला.

नव्या गिऱ्हाइकाचा विचार

१९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि सगळीकडे गोळीबाराच्या खेळांची लाट उसळली. खेळघरांत तरुण मुलांचीच गर्दी असे. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी विचार केला की स्त्रिया आणि जोडपी इकडे का फिरकत नाहीत? मग त्यांनी मारण्याऐवजी खाण्यावर बेतलेला खेळ रचला. १९८० चा 'पॅक-मॅन' तो हाच. बाकीचे सारे त्याच गिऱ्हाइकासाठी भांडत असताना त्यांनी दुकानाबाहेरून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. आपल्या बाजारात शेजाऱ्याचा माल पाहून तोच माल भरण्याची सवय फार आहे. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पडून राहिलेल्या मालाचे काय?

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'रडार स्कोप' या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे अमेरिकेसाठी पाठवली. माल जहाजाने पोहोचेपर्यंत गिऱ्हाइकाची आवड बदलली होती. सुमारे दोन हजार यंत्रे गोदामात पडून राहिली आणि कंपनीची अमेरिकेतील शाखा बुडण्याच्या बेतात आली.

त्या वेळी माल मातीमोल भावाने फुंकून टाकणे सोपे होते. कंपनीने तसे केले नाही. शिगेरू मियामोतो या तरुणाकडून त्याच पेटीत, त्याच पडद्यावर चालेल असा नवा खेळ बनवून घेतला. शाखेच्या मोजक्या माणसांनी स्वतः गोदामात बसून एकेका यंत्राचे आतले भाग बदलले. १९८१ चा प्रसिद्ध 'डाँकी काँग' तो हाच, आणि त्याची सुरुवातीची यंत्रे लाल पेटीत आली, कारण ती पेटी मुळात 'रडार स्कोप'ची होती. सांगाडा चांगला असेल तर माल मेलेला नसतो. त्याला नवे रूप देणारा हात हवा असतो, हे आपले शिंपी आणि सुतार बंधू आमच्यापेक्षा अधिक चांगले जाणतात.

चौकातून घरात, आणि घरात घात

लोकांना चौकातला खेळ घरी हवा असतो. १९७५ मध्ये 'पाँग'ची घरगुती आवृत्ती सीअर्स या दुकानमालिकेतून विकली गेली. १९८० मध्ये अटारीने रीतसर परवाना घेऊन 'स्पेस इन्व्हेडर्स' घरच्या यंत्रासाठी आणला. त्या एका खेळासाठी लोकांनी यंत्र विकत घेतले.

नंतर मात्र हाव सुटली. १९८२ मध्ये 'पॅक-मॅन' घरी आला, तो ओळखू येऊ नये असा. भुते लुकलुकत, रंग वेगळे, आवाज वेगळा. नावाच्या जोरावर लाखोंनी विकला गेला, पण गिऱ्हाईक मनातून उतरले. त्याच वर्षी नाताळचा बाजार गाठायचा म्हणून 'ई. टी.' या चित्रपटावरचा खेळ सुमारे पाच आठवड्यांत उरकला. शिवाय जो तो कंपनी काढून कसलेही खेळ बाजारात ओतू लागला. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आला. पुष्कळ वर्षे लोक याला दंतकथा समजत. २०१४ मध्ये ती जागा खणली तेव्हा खेळांची काडतुसे खरोखरच बाहेर निघाली.

१९८५ मध्ये निन्टेंडोने पुन्हा हाच धंदा अमेरिकेत उभा केला, तो कोणाचाही खेळ आपल्या यंत्रावर चालू न देण्याच्या अटीवर. यंत्रात कुलपासारखी चिप आणि खोक्यावर दर्जाचा शिक्का! बाजारातून उडालेला विश्वास परत मिळवायला केवढा खटाटोप करावा लागतो, हे यावरून दिसते.

कारागिरांसाठी

१९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने 'जॅमा' नावाचे एकच जोडमाप ठरवले, ५६ टोकांचे. त्यामुळे एका पेटीतला जुना खेळ काढून दुसरा बसवणे काही मिनिटांचे काम झाले. पेटी, पडदा, दांडा आणि बटणे तीच, फक्त पाटी बदलायची. दुकानदाराला नवी पेटी घ्यावी लागत नाही आणि मिस्त्रीला प्रत्येक वेळी तारा नव्याने ओढाव्या लागत नाहीत. एकाच गल्लीतल्या कारागिरांनी मापे एकसारखी ठेवली तर एकाचा माल दुसऱ्याच्या मालाला बसतो, आणि सुटे भाग विकणाऱ्यालाही धंदा मिळतो.

आपल्याकडे नाक्यावरची खेळघरे आणि घरचा 'टीव्ही गेम' यांचे दिवस सरले असले, तरी त्या खेळांची आवड सरलेली नाही. त्या काळची मुले आज कमावती आहेत आणि तोच खेळ तशाच पेटीत घरी खेळू इच्छितात. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला सालमोरिया यांनी सुरू केलेल्या 'मेम' या प्रोग्रामने जुनी यंत्रे साध्या संगणकावर चालवणे शक्य केले. प्लायवूडची पेटी, दांडा, बटणे आणि एक लहान संगणक एवढ्यात सुतार आणि इलेक्ट्रिशियन मिळून असे यंत्र उभे करू शकतात. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. एक, प्रोग्राम मोफत असला तरी त्यावर चालणाऱ्या खेळांचे हक्क त्या त्या कंपन्यांचे असतात. फुकट उतरवलेले शेकडो खेळ भरून यंत्र विकणे म्हणजे दुसऱ्याचा माल विकणे होय. पेटी आपण बनवावी, खेळ गिऱ्हाइकाने रीतसर विकत घ्यावा. दुसरी, जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही जबर विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. माहितगाराशिवाय तिला हात लावू नये.

शेवटी आपला हिशेब आपणच तपासावा. आपला माल गिऱ्हाइकाला पाहताक्षणी समजतो का? गोदामात पडलेल्या मालाचा सांगाडा वापरता येईल का? आणि सणाचा बाजार गाठण्याच्या घाईत आपणही एखादा 'ई. टी.' बनवत नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर नफा बुडेल. तिसऱ्याचे चुकले तर नाव बुडेल, आणि एकदा बुडालेले नाव वर काढायला नुसते भांडवल पुरत नाही.