उलट्या काट्यांचे घड्याळ

वैद्य जुना असावा, असे लोक म्हणतात. जुन्या सुताराच्या हातावर आणि जुन्या नावाड्याच्या नजरेवर सर्वांचा विश्वास असतो. परंतु संगणकाच्या व्यवसायाची रीत निराळी आहे. तेथे दहा वर्षांपूर्वीचे यंत्र अडगळीत जाते आणि काल शिकलेली विद्या आज अपुरी पडते. त्यामुळे यंत्राबरोबर माणूसही जुना होतो, असा समज तेथे सहज रुजतो. हा समज कितपत खरा आहे, हे ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीच्या चरित्रावरून आणि विचारांवरून चांगले कळते.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्या सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते, हे पाहण्याची त्यांना उत्सुकता वाटली. त्यांनी एक घड्याळ उघडले. परंतु त्याची चाके पुन्हा जुळेनात. मग ती कशी बसवली होती हे पाहण्यासाठी दुसरे उघडले, नंतर तिसरे. आणि अशी सात घड्याळे सुटी झाली! तेव्हा आईने मोडतोडीसाठी एकच घड्याळ ठेवून दिले. मुलीचे कुतूहल मात्र त्या माउलीने मोडले नाही.

पुढे १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. त्या वासर महाविद्यालयात गणित शिकवीत असताना दुसरे महायुद्ध पेटले. नौदलाच्या नियमाप्रमाणे त्यांचे वय अधिक आणि वजन कमी भरत होते. तथापि खास सवलत मिळवून १९४३ साली त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क १’ या गणनयंत्रावर झाली. हे अजस्र यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होते. एका सेकंदात ते तीन बेरजा करी; एका गुणाकारास मात्र त्याला सुमारे सहा सेकंद लागत.

यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, याच्या आज्ञांची मालिका म्हणजे प्रोग्रॅम होय. त्या काळी या आज्ञा अंक व खुणा यांनी लिहाव्या लागत. उपयोगी आज्ञा लोक वहीत टिपून ठेवीत आणि पुढच्या कामाच्या वेळी हाताने उतरवून घेत. उतरवताना एखादा अंक चुके आणि सगळे गणित फसे. तेव्हा हॉपर यांच्या मनात विचार आला, की उतरवण्याचे कंटाळवाणे काम माणसाने का करावे? ते यंत्राकडेच का सोपवू नये? याच विचारातून १९५२ साली त्यांनी ‘युनिव्हॅक’ या संगणकासाठी पहिला कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञांवरून यंत्राला समजणाऱ्या आज्ञा तयार करणारा प्रोग्रॅम. “यंत्राला केवळ अंकगणित येते, हे त्याला कसे जमणार?” असे जाणकारही म्हणू लागले. परंतु हॉपर थांबल्या नाहीत. साध्या इंग्रजी शब्दांतील आज्ञा त्यांनी संगणकाकडून पाळून घेतल्या. त्यांच्या या कामाचा पाया घेऊनच १९५९ मध्ये ‘कोबॉल’ या भाषेची आखणी सुरू झाली. व्यापार, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांचा हिशेब पुढे कित्येक दशके या भाषेने सांभाळला.

१९६६ च्या अखेरीस, वयाची साठी पूर्ण होताच, नौदलाने त्यांना निवृत्त केले. ‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. परंतु येथे तिची प्रचीती आली नाही. नौदलात कोबॉलची निरनिराळी रूपे प्रचारात येऊन गोंधळ माजला होता. यंत्रे नवी होती, माणसे तरुण होती. पण ही घडी बसवण्यासाठी भाषेच्या मुळाशी असलेले हेतू जाणणारी व्यक्ती हवी होती. सात महिन्यांच्या आतबाहेर हॉपर यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. मध्ये एक अल्पशी निवृत्ती सोडली, तर ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले!

या उत्तरायुष्यात त्या गावोगावी व्याख्याने देत. व्याख्यानाला जाताना सुमारे एक फूट लांबीचे तारेचे तुकडे त्या बरोबर नेत. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश जास्तीत जास्त जितके अंतर कापतो, तितकी त्या तुकड्याची लांबी असे. शेजारी त्या सुमारे ९८४ फूट तारेचे वेटोळे ठेवीत. ते एका मायक्रोसेकंदाचे, म्हणजे हजार नॅनोसेकंदांचे माप. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेळेची उधळपट्टी करू नये, हे त्या वेटोळ्याकडे पाहताच श्रोत्यांना उमगे. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट हातात देता येणे, हीच खऱ्या शिक्षकाची हातोटी होय.

त्यांच्या कचेरीत एक भिंतीवरचे घड्याळ होते. त्याचे काटे उलट दिशेने फिरत. पण वेळ अगदी बरोबर दाखवीत. “आम्ही नेहमी असेच करीत आलो,” हे वाक्य हॉपर यांना फार घातक वाटे. काटे उजवीकडेच फिरले पाहिजेत ही केवळ सवय आहे, हे ते घड्याळ मुकाट्याने सांगे.

सवयीचे मोल पुढे साऱ्या जगाला मोजावे लागले. संगणकाची साठवण महाग असताना सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याचा प्रघात पडला होता. साठवण स्वस्त झाली, तरी प्रघात टिकला. परिणामी २००० साल जवळ येताच ‘००’ म्हणजे १९०० की २०००, असा पेच उभा राहिला. लाखो प्रोग्रॅम तपासावे लागले. त्या कामात भारतातील प्रोग्रॅमरांचा वाटा मोठा होता. आणि कोबॉल जाणणाऱ्या जुन्या मंडळींनाही तेव्हा पुन्हा मागणी आली.

ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, हॉपर रिअर ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या हातून घडलेल्या कामांपैकी कंपायलरपेक्षाही आपण शिकवून तयार केलेल्या तरुणांचा त्यांना अधिक अभिमान वाटे. यंत्रे जुनी होतात, भाषाही मागे पडतात. परंतु ‘हे असेच का?’ असे विचारणारी बुद्धी आणि आपली विद्या दुसऱ्याच्या हाती सोपवणारे मन यांना वार्धक्य येत नाही.

स्वाध्याय
१. हॉपर यांना कंपायलर तयार करण्याची गरज का वाटली?
२. निवृत्तीनंतर नौदलाने त्यांना परत का बोलावले?
३. उलट्या काट्यांचे घड्याळ आणि २००० सालचा पेच यांतून कोणता एकच बोध होतो?
४. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखादी जुनी रीत निवडा. ती का पडली असेल आणि आज तिची गरज आहे काय, यावर दहा ओळी लिहा.