ट्रॉलीचा जुना ॲक्सल : हंगामापूर्वीच खोला

सोलापूर भागात उसाची वाहतूक साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते. जुनी ट्रॉली घेतली असल्यास तिचा ॲक्सल त्यापूर्वीच खोलावा. भरल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यात निखळल्यास जिवावर बेतते.

रिकामी ट्रॉली सपाट जागी भक्कम ठोकळ्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. हब काढून बेअरिंग डिझेलने धुऊन वाळवावे. रोलरवर किंवा वाटीत खड्डे वा निळसर डाग दिसल्यास दोन्ही जोडीने बदलावेत. तडा गेलेला ॲक्सल वेल्डिंग करून वापरू नये. रोलरच्या फटींत ग्रीस दाबून भरावे. ऑईल सील नवे घालावे. चाक फिरवीत नट आवळावा, किंचित सैल करून नवी कॉटर पिन लावावी. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये. पहिल्या खेपेनंतर हब फार तापल्यास पुन्हा खोलून पाहावा.