उभे राहा, कोर्ट येत आहे!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या.

१७ जुलै २०१९. मी आठवीत, अकोल्याला आजीकडे. टीव्हीवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातून कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल चालू होता. फ्रेंचमध्ये 'ला कूर!' अशी हाळी झाली, सगळे ताडकन उठले, आणि काळे झगे, गळ्याशी पांढरी लेस अशा वेषातले न्यायाधीश ओळीने आत आले. आजी म्हणाली, "काहून उभे राह्यले वं सारे? आरती हाये काय?"

तेव्हा हसले. पण इंजिनिअरिंगला आल्यावर प्रत्येक पार्टचं फंक्शन विचारायची सवय लागते ना!

आपल्या अमरावतीच्या कोर्टात शिपायाने पुकारा केला आणि आरोपी आला नाही, तर वॉरंट निघतं. हेगच्या कोर्टाकडे एक हवालदारही नाही. निकाल बंधनकारक, पण तो कोणी पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जायचं, आणि तिथे पाच जणांकडे व्हेटो! म्हणून भांडणारे दोन देश एकाच हाकेला उभे राहतात, याला तिथे फार किंमत आहे. वकील मात्र आपापल्या देशाच्या कोर्टाचा पोशाख घालतात. या खटल्यासाठी फक्त १ रुपया फी घेणारे आपल्या नागपूरचे हरीश साळवेही आपल्याकडचा काळा गाऊन आणि पांढरे बँडच घालून उभे होते.

दुसरा विधी शपथेचा. खटल्यापुरता न्यायाधीश नेमायचा हक्क देशांना असतो, पण त्यानेही निःपक्षपातीपणाची शपथ भर कोर्टात घ्यायची. दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात (निकाल १९६०) भारताने मुंबईचे छागला नेमले, पोर्तुगालने फर्नांडिस. दोघांची मतं आपापल्या देशाकडेच झुकली! जाधव खटल्यातही निकाल १५ विरुद्ध १, आणि तो एक पाकिस्तानने नेमलेला. म्हणजे शपथेने मन बदलतं, असं मला तरी वाटत नाही.

मग उपयोग काय? माझ्या मते, उघडेपणा. जाधवांना एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली ती पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने, बंद दाराआड. भारतीय अधिकाऱ्याला त्यांची भेटसुद्धा नाही. हेगमध्ये मात्र नियमच असा, की निकाल भर कोर्टात वाचायचा, कारणांसकट. व्हिएन्ना करार मोडला, भेट द्या, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नाही. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही. त्याच सप्टेंबरमध्ये भारतीय अधिकारी त्यांना पहिल्यांदा भेटले.

वाचन संपलं तेव्हा आजीने विचारलं होतं, "मंग, सुटला काय तो?"

"नाही आजी. पण फाशी थांबली."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा टीव्हीकडे बघत बसली.