बाटलीतले पाणी आणि माठातले पाणी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग स्थानक मागे पडले की थोड्याच वेळात भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या ह्या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पोलादाच्या कारखान्यास कोळसा व लोहखनिज यांच्याइतकीच पाण्याचीही निकड असते. कारण भट्टीचे कवच सतत थंड ठेवावे लागते. त्यासाठी बालोदजवळच्या तांदुला जलाशयाचे पाणी कालव्याने आणण्यात आले. हा जलाशय १९२१ मध्ये पुरा झाला, तो शेतीसाठी. चाळीस वर्षांनी त्याच पाण्यावर एक पोलादनगरी वसेल, ही कल्पना त्याच्या बांधणाऱ्यांना असणे शक्य नव्हते.

यंत्रास चालणारे पाणी माणसास चालेलच असे मात्र नाही. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि भट्टीजवळ राबणाऱ्या कामगाराच्या अंगातून एका पाळीत कित्येक लिटर घाम निथळतो. पूर्वी ही तहान माठाच्या पाण्यावर भागत असे. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाणपोया लागत. तिकडे त्यांना ‘प्याऊ’ म्हणतात. आज पॉवर हाउस स्थानकावर, सुपेल्याच्या बाजारात आणि लग्नाच्या मांडवात सीलबंद बाटली दिसते. झाकणावरचे सील शाबूत आहे, तेव्हा आतले पाणी शुद्ध असलेच पाहिजे, अशी ती घेणाराची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे?

बाटलीत काय असते

सर्वसाधारणपणे अशा प्रत्येक पाण्यास ‘मिनरल वॉटर’ म्हणण्याची रूढी पडली आहे. शास्त्रदृष्ट्या ती चुकीची आहे. नैसर्गिक खनिजयुक्त पाण्यासाठी भारतीय मानक वेगळे आहे आणि बाजारात बहुसंख्येने दिसणाऱ्या ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’साठी वेगळे. हे दुसरे पाणी कूपनलिकेचे, नदीचे, किंबहुना नगरपालिकेच्या नळाचेही असू शकते. ते गाळून, बहुधा सूक्ष्मछिद्री पडद्यातून दाबाने पार करून आणि ओझोन वायूने किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करून बाटलीत भरतात. म्हणजे बाटलीतले पाणी हे पाण्याचा निराळा प्रकार नसून कोठल्या तरी पाण्यावर केलेल्या संस्काराचे फळ होय. संस्कार चांगला झाला तर पाणी चांगले.

तो नेहमीच तसा होतो असे नाही, हे फेब्रुवारी २००३ मध्ये देशास कळले. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ ह्या संस्थेने दिल्ली व मुंबई या भागांत विकल्या जाणाऱ्या बाटल्या तपासल्या. त्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशा कीटकनाशकांचे अंश सापडले. कारखान्यांनी पाणी उपसले होते जमिनीखालून, आणि शेतात फवारलेले औषध पावसाबरोबर जमिनीखाली झिरपलेच होते. बाटलीने ते निर्माण केले नव्हते, पण अडविलेही नव्हते. त्यानंतर नियम कडक झाले. कोणत्याही एका कीटकनाशकाचे प्रमाण लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमहून, म्हणजे ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहून, अधिक असू नये असे ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश अधिक जोखमीच्या अन्नवर्गात केला. दूध, मांस व मासे याच वर्गात मोडतात. ह्याचा अर्थ ते विषारी आहे असा नव्हे. त्यावर अधिक बारीक नजर ठेवली पाहिजे, इतकाच आहे.

दुसरा प्रश्न खुद्द बाटलीचा. ती पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट नावाच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक बनविताना उत्प्रेरक म्हणून बहुधा अँटिमनीचे संयुग वापरतात, आणि त्याचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो. तो किती उतरतो हे उष्णतेवर अवलंबून आहे. अमेरिकेतील ॲरिझोना येथील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की साध्या हवेत तीन महिन्यांतही फारसा फरक पडत नाही. ६० अंशांवर तेथील कायदेशीर मर्यादा ओलांडावयास १७६ दिवस लागतात. ८५ अंशांवर मात्र सुमारे सव्वा दिवस पुरतो. तेव्हा दुपारी मोटारीत राहिलेली एक बाटली प्याल्याने कोणास विषबाधा होणार नाही. परंतु पत्र्याच्या तापलेल्या गुदामात महिनोन् महिने रचून ठेवलेल्या बाटल्यांबद्दल तितके निश्चिंत राहता येत नाही.

प्लास्टिकच्या कणांची गोष्ट याहून नवी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात भारतासह नऊ देशांतील २५९ बाटल्या तपासण्यात आल्या. त्यांपैकी शंभरात ९३ बाटल्यांत सूक्ष्म कण आढळले. त्यांतील पुष्कळसे झाकणाच्या प्लास्टिकच्या जातीचे होते. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अधिक सूक्ष्म उपकरणे वापरली, तेव्हा लिटरमागे सरासरी सुमारे २ लक्ष ४० हजार कण मोजले गेले. हे आकडे भयंकर वाटतात. तथापि या कणांनी शरीरास नेमका काय अपाय होतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अधिक संशोधनाची गरज सांगितली, ती आजही आहे. भीती आणि पुरावा यांत गल्लत करू नये.

ह्या सर्वांहून नेहमीचा धोका अगदी साधा आहे, आणि तो जंतूंचा. ओझोन जंतू मारतो खरा, पण थोड्याच वेळात त्याचे विघटन होऊन तो नाहीसा होतो. एकदा सील तुटले, तोंड लावले, की त्या पाण्याचा राखणदार कोणी उरत नाही. रिकामी बाटली न धुता पुन्हा पुन्हा भरीत राहिल्यास जंतूंची वाढ होते. थंड पाण्याचे जे मोठे जार दुकानांतून व कचेऱ्यांतून पोचविले जातात, ते तर सीलबंदही नसतात. त्यामुळे सीलबंद पाण्याच्या मानकांचा आधार त्यांना नाही.

नळाचे पाणी आणि त्याचा राखणदार

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्यात प्रथम तुरटी घालतात. तिच्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात व शेवटी त्यात क्लोरीन सोडतात. क्लोरीनचा वास अनेकांना नकोसा वाटतो. पण तोच नळाच्या पाण्याचा मोठा गुण आहे. जंतू मारून झाल्यावरही तो थोडा शिल्लक राहतो आणि वाटेत शिरणाऱ्या जंतूंशी झगडतो. भारतीय मानकाप्रमाणे नळापाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावयास पाहिजे.

मात्र ह्या राखणदारासही मर्यादा आहेत. भिलाईचा करार झाला त्याच वर्षी, म्हणजे १९५५ च्या डिसेंबरात, दिल्लीत काविळीची प्रचंड साथ उद्भवली. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकून शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागी पोचले होते. केंद्रावरच्या लोकांनी पाण्यात क्लोरीन वाढविला. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूंचे रोग बळावले नाहीत. पण विषाणू निसटले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून ती आज हेपॅटायटिस-ई या नावाने ओळखली जाणारी कावीळ ठरली. गर्भवती स्त्रियांस हा रोग विशेष घातक असतो. गटाराशेजारून गेलेली फुटकी जलवाहिनी हा प्रसंग लहान प्रमाणावर कोठेही घडवू शकते. पुरवठा बंद होऊन दाब उतरला की भोवतालची घाण नळात ओढली जाते. म्हणून पावसाळ्यात नळास पहिले गढूळ पाणी आले, तर ते भरू नये.

घरी करावयाचे उपाय

उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. पाण्यास खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ती टिकली, तर जिवाणू व विषाणू दोन्ही मरतात. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे व गाळून घ्यावे. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी करून पाणी गाळण्याच्या रीतीस हल्लीच्या शास्त्राने दुजोरा दिला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी बांगलादेशातील ६५ खेड्यांत हा प्रयोग केला. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव घडीत अडकतात. त्यामुळे पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. उकळणे शक्य नसेल तेथे क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.

जळण नसेल तेथे सूर्य उपयोगी पडतो, आणि येथे ती बदनाम बाटलीच कामास येते. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत निवळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली, तर अतिनील किरण व उष्णता मिळून जंतूंचा नाश करतात. आभाळ आलेले असल्यास दोन दिवस लागतात.

शुद्ध केलेले पाणी ठेवावयास माठासारखे भांडे नाही. त्याच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी विजेवाचून गार राहते. पण त्यात हात किंवा पेला बुडविला की सर्व मेहनत वाया जाते. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी हवी, वर झाकण हवे, आणि माठ वरचेवर घासून वाळविला पाहिजे.

प्रत्येक दोषावर एकच औषध नसते, हे शिवनाथ नदीच्या वरच्या खोऱ्यातील कौडीकसा गावाने शिकविले आहे. अंबागढ चौकीजवळच्या ह्या गावच्या भूजलात आर्सेनिक आहे. असे पाणी उकळले तर वाफ होऊन पाणी घटते, आर्सेनिक तेवढेच राहते. म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. अशा ठिकाणी निराळा उगम शोधणे किंवा खास गाळणी बसविणे एवढाच मार्ग उरतो. उलट ज्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच थोडे आहेत, तेथे घरोघरी ‘आर. ओ.’ यंत्र लावून एका लिटरसाठी कित्येक लिटर मोरीत सोडणे ही उधळपट्टी होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी अशा यंत्रांवर बंदी घालण्याचा निर्देश सरकारला दिला होता, तो ह्याच कारणासाठी. पूर, साथ किंवा प्रवास अशा वेळी सीलबंद बाटली हाच सोयीचा आसरा असतो. रोजच्या घरगुती पाण्याची गोष्ट वेगळी. एका बाटलीच्या किमतीत नळाचे शेकडो लिटर पाणी मिळते.

कोणते पाणी कसे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी ग्वाल्हेर येथील के. एस. मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली, ती कोणत्याही शाळेस करता येईल. लहान कुपीत रसायनात भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी असते. कुपीत पाणी भरून ती उबदार जागी एक रात्र ठेवावयाची. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात असल्यास हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊन पाणी काळे पडते. रसायनांचे दोष मात्र या परीक्षेत दिसत नाहीत. शिक्षकांच्या देखरेखीखाली तीन कुप्या घ्याव्यात: एकीत नळाचे पाणी, दुसरीत वर्गातल्या माठाचे, तिसरीत दोन दिवसांपूर्वी उघडलेल्या बाटलीचे. प्रत्येकीवर चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे रंग वहीत टिपावेत. काळ्या पडलेल्या कुपीत ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतून, काही वेळ थांबूनच ती रिकामी करावी, आणि नंतर साबणाने हात धुवावेत.