वरकसाच्या किमतीबद्दल

दिवेआगर

चि. मंगेश यास,


रस्त्यात गेलेल्या वरकस जमिनीचा भूसंपादन निवाडा आला, रक्कम फार कमी आहे आणि ‘मिळतंय ते घेऊन टाकू का’ असं तू विचारतोस. घे, पण हरकत राखून घे. पैसे उचलताना ‘रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारली’ असं स्वतःच्या हाताने लिही आणि त्याची पोच ठेव. हे न लिहिता रक्कम घेतली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली वाढीव मोबदला मागायचा हक्कच जातो. सही करा म्हणाले, केली, आणि मग वर्षानुवर्षं हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत. तुझं तसं होऊ नये.

नोटिशीवर कायदा कोणता लिहिलाय ते आधी वाच. २०१३ चा असेल तर कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मुदत सहा आठवड्यांची समज, जास्तीच्या भरवशावर राहू नकोस. राष्ट्रीय महामार्गाचं संपादन असेल तर वाट लवादाकडे जाते, एमआयडीसीचं असेल तर कायदा आणि मुदत दोन्ही वेगळी.

आता किमतीचं. मुद्रांक विभागाच्या वार्षिक तक्त्यात जिरायतीचा दर हेक्टरी आकारणीच्या गटावरून लागतो. वरकसाचा आकार नाममात्र, कारण तो नाचणी-वरी पिकवणाऱ्या डोंगरउताराचा म्हणून बसवलेला. साहजिकच आपलं गुरं चारायचं रान तळच्या दरात पडलं. पण कलम २६ तक्त्यापाशी थांबत नाही. आसपासच्या तशाच जमिनींची, संपादन प्रस्तावित झालं त्या वर्षाच्या आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं काढायची, त्यातल्या वरच्या अर्ध्यांची सरासरी धरायची, आणि ती तक्त्यापेक्षा जास्त आली तर तीच घ्यायची. या किमतीवर ग्रामीण भागाचा गुणक लागतो, झाडं-बांधकामाची किंमत मिळवतात, आणि त्या सगळ्यावर तेवढीच दिलासा रक्कम. पायाच कमी धरला तर तूट वरपर्यंत वाढत जाते. म्हणून श्रीवर्धनच्या दुय्यम निबंधकांकडून बोर्ली पंचतन, वेळास, कार्ले इथल्या वरकस विक्रीच्या सूची क्रमांक २ च्या नकला काढ.

समुद्राकाठच्या रिसॉर्टसाठी विकलेल्या चार-पाच गुंठ्यांचं खत मात्र पुढे करू नकोस. पुण्याच्या एका जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केलंय की, लहान प्लॉट, रस्त्याची दर्शनी बाजू यांनी भाव चढतो, आणि मोठं क्षेत्र, रस्त्यापासूनचं अंतर यांनी उतरतो. फुगवलेला दावा पहिल्याच उलटतपासणीत पडतो आणि खरा भागही सोबत घेऊन जातो.

निवाड्यातली मला सगळ्यात खुपलेली गोष्ट वेगळीच. वरच्या अंगाला आजोबांनी रचलेला जांभ्याचा गडगा आहे, कंबरेइतका उंच. त्याच्याकडेने ऐनाची झाडं आणि ओळीने काजू. निवाड्यात यांतलं काहीच नाही, नुसतं ‘पड’ म्हटलंय. कलम २९ प्रमाणे यांचं मूल्यांकन वेगळं व्हायलाच हवं. रस्त्याची यंत्रं यायच्या आत फोटो काढ, झाडांचा घेर मोजून लिहून ठेव. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतरच्या पंचनाम्यात आपल्या काजूंची नोंद असेल तर तीही काढ.

वकील अलिबागचा बघ, भूसंपादनाचीच कामं करणारा. आणि येत्या शनिवारी येताना तुझ्या बाबांनंतरचा वारस फेरफार आणि मोजणीची ‘क’ प्रत आण. हद्दीचे दगड मी दाखवतो.

तुझा
काका